कागदावर जड, बाटलीत हलकं

तिसऱ्यांदाही तोच आकडा आला, तेव्हा मी मशीनवर संशय घेणं सोडून दिलं.

"नळी परत धुऊन लावू का?" सामीने विचारलं. तो लॅबच्या दारात उभा होता. अंगात जहाजावर घालायचं नारिंगी जॅकेट तसंच, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"नको. मशीन ठीक आहे. तेलच हलकं आहे."

त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारीत आमच्याकडे समुद्र, आभाळ आणि धक्का सगळं एकाच रंगाचं असतं.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी तेल तपासते. फोडणीचं नव्हे, जमिनीतून निघतं ते कच्चं तेल. जर्मनीच्या उत्तर टोकाला एका बंदरात आमची लॅब आहे. टँकर धक्क्याला लागला की तेल उपसण्याआधी त्याचा नमुना काढून तपासायचा असतो. विकणारा म्हणतो माल उत्तम, घेणारा म्हणतो बेताचा, आणि दोघांवरही कोणाचा विश्वास नसतो. म्हणून तिऱ्हाईत लागतो. आमची कंपनी म्हणजे तो तिऱ्हाईत. मी तिथली लॅबप्रमुख होते आणि सर्टिफिकेटवर शेवटची सही माझी असायची.

कच्चं तेल सगळं सारखं नसतं. हलकं तेल पातळ असतं, त्यात गंधक कमी, त्यातून पेट्रोल-डिझेल जास्त निघतं, म्हणून भाव जास्त. जड तेल दाट, डांबराच्या भावकीतलं, म्हणून स्वस्त. कुठलं हलकं आणि कुठलं जड हे घनतेवरून ठरतं, आणि घनता मोजायचं मशीन माझ्या टेबलावर असतं. या जहाजाच्या कागदांवर लिहिलं होतं, जड तेल. बाटलीत होतं चांगलं पातळ, हलकं तेल. म्हणजे बिल कणीचं आणि पोत्यात आंबेमोहोर.

तुम्ही म्हणाल, यात रडायचं काय? स्वस्तात चांगला माल मिळाला तर घेणारा पेढे वाटेल. एरवी मीही असंच म्हटलं असतं. पण हे तेल साध्या सौद्यातलं नव्हतं.

ज्या देशातून ते आलं त्याचं नाव मी लिहीत नाही. तसं वकिलांनी बजावलं आहे. त्या देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. त्याचं तेल कोणी विकत घ्यायचं नाही, त्याच्याशी व्यवहार करायचा नाही. सरकारला धडा शिकवायचा म्हणून हे केलं, आणि नेहमीप्रमाणे धडा शिकले ते दवाखान्यांच्या रांगेतले लोक. मग जगाला थोडी लाज वाटली आणि एक सवलतीचा कार्यक्रम निघाला. देशाने ठरावीक तेल विकायचं, पण पैसे सरकारच्या हातात द्यायचे नाहीत. ते देखरेखीखालच्या एका खात्यात जमा व्हायचे आणि त्यातून फक्त औषधं, दुधाची पावडर, हॉस्पिटलचं सामान घ्यायचं. कुठल्या प्रतीच्या तेलाला काय भाव, तेही कार्यक्रमानेच ठरवून दिलेलं.

आता हलकं तेल जड म्हणून विकलं की काय होतं बघा. खात्यात कमी पैसे येतात. घेणारा व्यापारी तेच तेल पुढे रिफायनरीला हलक्याच्या भावात विकतो. मधला फरक तो आणि त्या देशातले तेलाच्या नळावर बसलेले साहेब लोक वाटून घेतात, कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या बँकेत. साध्या मराठीत सांगायचं तर दवाखान्याच्या दानपेटीला मागून भोक.

म्हणून मी आकडा तीनदा लावला.

नमुन्यात चूक असण्याची शक्यता होती का? मी सामीला विचारलं, तेही जरा कडक आवाजात. त्याने जहाजाच्या प्रत्येक टाकीतून वरचा, मधला आणि तळाचा असा नमुना काढला होता, जहाजाच्या अधिकाऱ्यासमोर. जड भाग तळाशी बसतो, त्यामुळे एकाच जागेवरून काढलेला नमुना फसवतो. माझे वडील सांगलीच्या बाजारात हळदीची खरेदी करायचे. पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलीच हळद असते म्हणायचे आणि लोखंडी नळी थेट पोत्याच्या पोटात खुपसायचे. मीही तेच करते, फक्त पोतं मोठं आहे. सामीचं काम चोख होतं आणि तेल हलकं होतं.

सामीबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. तो त्याच देशाचा. तिथे फार्मासिस्ट होता. इथे त्याच्या पदवीच्या मान्यतेची फाइल कुठल्यातरी ऑफिसात वर्षानुवर्षं पडून होती, म्हणून तो आमच्याकडे नमुने काढायचा. त्याचे वडील गावी डायलिसिसवर होते. बहीण त्यांना सांभाळायची. डायलिसिसला जो फिल्टर लागतो तो तिथे बनत नाही, तो याच सवलतीच्या कार्यक्रमातून यायचा. नवी खेप आली की बहीण खोक्यांचा फोटो पाठवायची आणि सामी तो कॉफीच्या खोलीत आम्हाला दाखवायचा. लोक मुलांचे फोटो दाखवतात, तसे हा खोक्यांचे दाखवायचा. कार्यक्रम सुरू होण्याआधी वडिलांना आठवड्यातून जेमतेम एकदा मशीन मिळायचं, तेही धुऊन वापरलेल्या फिल्टरवर. आता नीट चाललं होतं.

आकडा घेऊन मी हेर क्लासनकडे गेले. हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत'. ते आमचे शाखाप्रमुख. वाईट माणूस नव्हे. दर नाताळला घरी भाजलेला श्टोलन आणायचे, सुकामेव्याचा तो जड केक, आणि माझ्यासाठी एक वेगळा, रम न घालता.

"आकडा पक्का?" त्यांनी विचारलं.

"तीनदा लावला."

"गेनाऊ. म्हणजे पक्का." ते जरा वेळ पेन फिरवत बसले. "आल्झो, तर मग गिऱ्हाइकाला कळवावं लागेल."

"आणि देखरेख कार्यालयाला. या कार्यक्रमाच्या सर्टिफिकेटची एक प्रत त्यांना जाते."

"आधी गिऱ्हाइक, फ्राऊ पाटणकर. बिल ते भरतात."

तिऱ्हाइताचं बिल दोघांपैकी एक भरतो, ही आमच्या धंद्यातली जुनीच गंमत आहे. मला त्या दिवशी तिचं हसू आलं नाही.

दुपारनंतर व्यापारी कंपनीचा माणूस आला. हेर राइमान. उंच, अत्यंत सभ्य, हातात अ‍ॅल्युमिनियमची पेटी. कॉफी नको म्हणाला, कोट काढला नाही.

"जहाज भरताना तिथे काढलेले अधिकृत नमुने आहेत," त्याने पेटी टेबलावर ठेवली. "तुमच्या नमुन्यात काहीतरी गडबड झालेली दिसते. हे तपासा, म्हणजे प्रश्न मिटेल."

"आमच्या नमुन्यात काय गडबड झाली?"

"मी कोणावर आरोप करत नाहीये."

"मग गडबड केली कोणी?"

क्लासननी घसा खाकरला. राइमान माझ्याकडे बघून हसला, शाळेतली आगाऊ मुलगी बघून हसतात तसा. "आमची पहिली ऑर्डर आम्ही मागे घेतो. नवी ऑर्डर या बाटल्यांची. नमुना जसा मिळाला तसा. ही तर तुमच्याकडची रोजची पद्धत आहे ना?"

पद्धत होती, हे खरं. ती समजून घ्यायला हवी. उद्या तुम्ही घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये दिलंत, तर लॅब ते तपासते आणि सर्टिफिकेटवर लिहिते, 'नमुना जसा मिळाला तसा'. अर्थ असा, की बाटलीत काय आहे याची हमी आमची, बाटली कुठून आली ते आणणाऱ्याला विचारा. विहिरीसाठी हे ठीक आहे. पण जहाजभर तेलाच्या बाबतीत कोणी हे वाक्य मागायला लागलं, की त्याच्या आडून कुठलंही तेल कुठल्याही नावाने खपवता येतं. सगळेच जाणतात. म्हणून तर मागतात.

मी बाटल्या तपासल्या. जड तेल. कागदांवर होतं अगदी तस्सं. इतकं तस्सं, की मी खुर्चीत मागे टेकले. जहाजाच्या वेगवेगळ्या टाक्यांमधल्या तेलात थोडा तरी फरक पडतोच. शेवटच्या दशांशात का होईना, पडतो. एवढ्या वर्षांत न पडलेला मी पाहिला नाही. इथे प्रत्येक बाटली शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी. एकाच डब्यातून भरलेल्या होत्या. एवढं मोठं लबाडीचं काम आणि बाटल्या भरणाऱ्याने तेवढाही त्रास घेतला नव्हता. त्याला खात्री होती, कोणी बघणार नाही.

मी हे क्लासनना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"या सर्टिफिकेटवर एक तरी शब्द खोटा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आकडा खरा?"

"बाटलीचा खरा."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

"हे वाचणाऱ्याला वाटेल की जहाजात जड तेल आहे."

"वाचणाऱ्याला काय वाटेल, हे आपल्या कामात येत नाही."

"आणि सामीने काढलेले नमुने?"

"ती ऑर्डरच मागे घेतली. ते नमुने आता आपल्या दृष्टीने नाहीत."

ते खाली स्टोअरमध्ये सीलबंद ठेवलेले होते. मी सकाळपर्यंत वेळ मागितला. ते म्हणाले, जहाज खोळंबलंय, खोळंब्याचं भाडं चढतंय. मी म्हटलं, चढू दे.

मला राग आला होता. चोरीचा होताच. पण त्याहून जास्त याचा, की माझी सही ते माझ्याच नियमांनी मागत होते. लाच द्यायला आले असते तर हाकलून तरी दिलं असतं.

संध्याकाळी सायकलींच्या शेडमध्ये सामी माझी वाट बघत होता. आम्ही एकाच गावाच्या दिशेने राहायचो, पण तो कधी थांबायचा नाही.

"डॉक्टर," माझ्या पीएचडीवरून तो मला नेहमी एवढंच म्हणायचा, "तुम्ही सही करणार का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सामी, हे तुमच्या लोकांचं औषध चोरतायत."

"माहीत आहे. तुमच्याआधी मला माहीत होतं. तिथे लहान पोरालाही माहीत असतं." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "आधी सगळंच चोरायचे. आता थोडं चोरतात आणि उरलेलं पोचतं. बाबांचा फिल्टर त्या उरलेल्यातून येतो."

"म्हणून गप्प बसायचं?"

"तुम्ही लिहिलंत तर ते काय करतील? चोराला पकडतील?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "चोर तिकडे राजवाड्यात आहे. त्याला हात लावता येत नाही. मग ज्याला हात लावता येतो ते बंद करतील. नळ बंद करतील."

मी काहीतरी बोलले. विचार करते, असंच काहीतरी. तो सायकलवर बसला आणि वाऱ्याच्या विरुद्ध पायडल मारत निघून गेला.

घरी येऊन मी भात लावला आणि श्रीकांतला फोन केला. श्रीकांत माझा नवरा. तो झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आमचा संसार बरीच वर्षं शनिवार-रविवारवर आणि रेल्वेच्या मर्जीवर चालला आहे.

"आकडा काय आला?" त्याने सगळं ऐकून विचारलं.

"हलकं."

"मग हलकं लिही."

"तेवढं सोपं असतं तर मी फोन केला असता का, श्री?"

"नाही, ते आलं लक्षात." मागे त्याच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. "हे बघ, आमच्याकडे ब्रेकचा एक पार्ट खराब निघाला, तर ती बॅच बाजूला काढतात. सप्लायरचं मानगूट धरतात. म्हणून काही कोणी कारखान्याला टाळं लावत नाही. त्या देखरेखवाल्यांची पण काहीतरी प्रोसेस असेलच ना? विचार त्यांना सरळ, नुसती बॅच बाजूला काढणार की काय करणार."

मला ते पटलं. आम्ही दोघं तपासणीच्या धंद्यातली माणसं. दोष सापडला की तेवढा भाग बदलायचा, उरलेलं मशीन चालू ठेवायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. जगही असंच चालत असणार, याबद्दल आम्हाला शंका आली नाही. जर्मनीत इतकी वर्षं काढली की ती कमीच होत जाते.

सकाळी मी देखरेख कार्यालयात फोन केला. कंपनीचं नाव न घेता विचारलं. फोनवरच्या बाई फार चांगल्या बोलल्या. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

"समजा, एका खरेदीदाराने तेलाची प्रत खोटी दाखवली, तर तुम्ही काय करता?"

"त्या खरेदीदाराला यादीतून काढतो. त्याच्यावर चौकशी."

"आणि कार्यक्रम?"

"कार्यक्रम चालू राहतो. कारवाई नेमकी त्या पार्टीपुरतीच असते. औषधांच्या ऑर्डरींना हात लागत नाही. त्याच्यासाठीच तर सगळी व्यवस्था आहे."

मी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं, दुसऱ्यांदा तर आणखी आश्वासक आवाजात.

मी खाली स्टोअरमध्ये गेले. सामी शेल्फ पुसत होता. त्याला सगळं सांगितलं, त्या बाईंच्या शब्दांत.

"फक्त त्या व्यापाऱ्यावर?"

"फक्त त्याच्यावर."

"औषधं चालू राहणार?"

"त्या म्हणाल्या, औषधांना हात लागत नाही."

"नाव सांगितलं त्यांनी स्वतःचं?"

"सांगितलं."

त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. त्याच्या देशात फोनवर कोणी अधिकारी स्वतःचं नाव सांगत नसणार. "मग लिहा," तो म्हणाला. आणि सीलबंद बाटल्यांचा क्रेट त्यानेच उचलून वर आणून दिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही. पण मला त्या क्षणी फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी सर्टिफिकेटवर सही केली नाही. दोन्ही तपासण्यांचे निकाल, दोन्ही नमुने कसे आणि कोणी आणले ते, आणि सगळ्या बाटल्या एकसारख्या असल्याचं निरीक्षण, असा अहवाल लिहून मी देखरेख कार्यालयाला पाठवला. एक प्रत क्लासनना.

ते स्वतः लॅबमध्ये आले. एरवी बोलावून घ्यायचे.

"तुम्ही मला डावलून हे केलंत."

"तुम्ही केलं असतंत का?"

ते मशीनकडे बघत उभे राहिले. "कायदा तुमच्या बाजूने आहे," शेवटी म्हणाले. "तुम्हाला कोणी काही करणार नाही. पण जर्मनीत लॅब पुष्कळ आहेत, फ्राऊ पाटणकर. गिऱ्हाइकाला रस्ता माहीत आहे."

पुढचे काही दिवस शांत गेले. जहाज धक्क्यावरून काढून बाहेर नांगरावर उभं केलं. मग एका सकाळी बातमी आली आणि ती मी कॉफीच्या खोलीत, सगळ्यांबरोबर, भिंतीवरच्या टीव्हीवर पाहिली. तेलविक्रीत गैरव्यवहाराचे पुरावे मिळाल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत संपूर्ण कार्यक्रम स्थगित. खातं गोठवलेलं. तेल बंद म्हणजे पैसे बंद, आणि खातं गोठलं म्हणजे आधी दिलेल्या औषधांच्या ऑर्डरींचेही पैसे बंद.

मी मागे वळून पाहिलं. सामी दारात होता. त्याने कप सिंकमध्ये ठेवला, धुतला, पुसला आणि धक्क्यावर गेला. दुसरं जहाज लागलं होतं.

मी त्या बाईंना फोन केला. मग मेल केला. उत्तर आलं, सभ्य आणि लांब. आमच्या कार्यालयाची शिफारस मर्यादित कारवाईचीच होती. निर्णय मात्र सदस्य देशांच्या समितीचा असतो. समितीत काही देशांना कार्यक्रम मुळातच नको होता, त्यांना कारण मिळालं. तुमच्या सचोटीबद्दल आभार. त्या माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी खात्रीने सांगितलं होतं, आणि मीही तेवढंच केलं होतं.

मी धडपड केली, ते सांगायला हवं, त्याचा उपयोग झाला म्हणून नव्हे. इथल्या आमच्या मराठी मंडळात दोन किडनीचे डॉक्टर आहेत. त्यांच्या ओळखीने फिल्टर मिळत होते, फुकट, खोकी भरून. पाठवता येत नव्हते. निर्बंध होते, आणि ज्या कार्यक्रमातून पाठवायची परवानगी होती तो बंद. कुरिअरवाले त्या देशाचं नाव ऐकून फोन ठेवायचे. एक खोकं मी शेजारच्या देशातून पाठवायचा प्रयत्न केला. ते कस्टममध्ये अडकलं आणि मला खुलासा विचारणारं पत्र आलं. हलक्या तेलाचं अख्खं जहाज जड म्हणून निघालं होतं, त्याला कोणी खुलासा विचारला नव्हता.

तिकडे सामीच्या बहिणीने जुने फिल्टर धुऊन वापरायला सुरुवात केली. मग हॉस्पिटलने मशीनचे दिवस कमी केले. सामी हे मला सांगायचा नाही. लॅबमधल्या दुसऱ्या मुलीकडून कळायचं. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलायचा, नमुन्यांपुरतं, आदराने. आरडाओरडा केला असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

चोरांचं काय झालं? व्यापारी कंपनीने गुन्हा कबूल न करता दंड भरला, मग बंद पडली, आणि त्याच गावात वेगळ्या नावाची पाटी लावून उघडली. राइमान तिथे दिसतो म्हणतात. तिकडचे साहेब लोक होते तिथेच आहेत. नांगरावरचं जहाज कोर्टाच्या आदेशाने रिकामं झालं. तेल कोणाचं हा वाद चालू आहे. क्लासन त्या वर्षी निवृत्त झाले. जायच्या आधी नाताळला श्टोलन आणला, पण सगळ्यांना मिळून एकच. मला कोणी काढलं नाही. लॅबची 'पुनर्रचना' झाली आणि माझ्याकडे घरं तापवायचं तेल आणि ट्रकचं वंगण आलं. जहाजांच्या सर्टिफिकेटवर आता दुसऱ्याची सही असते.

सामीचे वडील उन्हाळ्यात गेले. चौकशी तेव्हा चालूच होती.

त्याला जाता आलं नाही. त्याच्या कागदांवर तो जगात कुठेही जाऊ शकतो, फक्त स्वतःच्या देशात गेला तर इथला आश्रय रद्द होतो. बहिणीने व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, तो मध्येच तुटला, हेही मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा मी स्टोअरमध्ये जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते.

"मला वाईट वाटतं, सामी," एवढंच म्हटलं. जर्मनमध्ये ते वाक्य फार छोटं आहे.

"ते म्हातारे होते," तो म्हणाला. "आजारी होते."

"फिल्टर चालू असते तर..."

"तर आणखी जगले असते. हो." तो बाटल्यांवर लेबलं लावत होता, ते त्याने थांबवलं नाही. मग म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? तसाच आकडा पुन्हा आला, तर तुम्ही तेच कराल का?"

मी खरं बोलायचं ठरवलं. त्याचा तेवढा हक्क होता. "हो," मी म्हटलं. "मला दुसरं काही करता यायचं नाही."

"मला वाटलंच." त्याने मान डोलावली. त्यात राग नव्हता, निदान मला दिसला नाही. "करा. तुमचं काम आहे ते. फक्त, पुढच्या वेळी मला येऊन सांगू नका, की सगळं नीट होणार आहे."

मग त्याने क्रेट उचलला आणि धक्क्यावर गेला.

नवीन पोरं लॅबमध्ये येतात, त्यांना मी मशीन शिकवते, नमुना शिकवते, तळाचा नमुना का घ्यायचा ते शिकवते. कोणी विचारतं, गडबड दिसली तर काय करायचं? मी सांगते, आकडा खरा लिहायचा आणि जिथे पाठवायचा तिथे पाठवायचा. पुढे काय होईल, असं विचारलं तर सांगते की मला माहीत नाही. पूर्वी मी या प्रश्नाचं छान उत्तर द्यायचे.